बियाला ‘न्हाई’ म्हणत न्हाईत

नोकरी मागायला गेलेल्या माणसाने हसू नये. मी हसले, आणि त्या हसण्यावरच मला नोकरी मिळाली. आजही कुणी त्या दिवसाची आठवण करून दिली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती आग मी आधी स्वतःवर पाखडते. बाकीच्यांची पाळी नंतर येते, पण त्यांनाही सोडत नाही.

तेव्हा मी वनस्पतिशास्त्र घेऊन एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाडा गावाकडच्या एका वाडीतून धारवाडला शिकायला गेलेली पहिली मुलगी. वाडी म्हणजे सात घरं, मधे भाताची खाचरं आणि चारी बाजूंनी रान. आम्ही कुणबी. महाराष्ट्रातल्या माणसाला कुणबी म्हटलं की कुळवाडी शेतकरी डोळ्यांसमोर येतो, पण आमचं तसं नाही. आम्ही या डोंगरातलेच, रान साफ करून नाचणी पेरणारे, कंद लावणारे. हद्दीपलीकडे गोव्यात आमच्याच सोयऱ्यांना सरकार आदिवासी म्हणतं, हद्दीच्या या बाजूला, कानडी मुलखात, आम्हाला अजून म्हणत नाही. माझी मामेबहीण तिकडे जन्मली म्हणून ती आदिवासी आहे आणि मी नाही. आमच्या आज्या एकाच अंगणात भात कांडायच्या. त्यांच्यामधून कुणीतरी नकाशावर रेघ ओढली, आणि दर अर्जात जमातीच्या रकान्यात मी फुली मारत बसले.

बरं, सरकारला आदिवासी न दिसणारी मी धंदेवाल्यांना मात्र लांबून दिसायचे. काळी नदीकाठच्या एका रिसॉर्टमध्ये मी स्वागतकक्षाच्या जागेसाठी गेले होते. मॅनेजरने माझी प्रमाणपत्रं उघडलीसुद्धा नाहीत. त्याने विचारलं, खांद्यावर गाठ मारून लुगडं नेसता येतं का? गळ्यात मण्यांच्या माळा घालून फाटकात उभं राहायचं, पाहुण्यांची गाडी आली की ओवाळायचं आणि फोटोला हसायचं. मी म्हटलं, “लुगडं आजी नेसते, चिखलात उतरताना सोयीचं पडतं म्हणून. तुमच्या फाटकात चिखल कुठंय?” मी बाहेर पडताना तो कुणाला तरी म्हणत होता, यांना एवढा ताठा परवडत नाही. खरंय, परवडत नव्हताच. घरी येऊन मी जागा भरली गेली म्हणून सांगितलं.

अशी तीन-चार ठिकाणं झाली. मग आमच्या सरांनी एक दिवस बोलावून सांगितलं, “तुझ्यासाठी खास जागा आलीय.” खास हा शब्द ऐकला की हल्ली मी सावध होते, तेव्हा होत नव्हते. मोठ्या शहरातली बियाण्यांची कंपनी होती. रानातल्या आणि परसातल्या कंदांचे जुने वाण गोळा करायचे होते. शिक्षण चालू असताना काम, आणि काम पसंत पडलं तर परीक्षेनंतर कायम. मुलाखतीला तिघे होते. मधले साहेब मोठे बोलघेवडे. म्हणाले, “तुमच्या तालुक्यात आम्ही दोनदा जाऊन आलो. माणसं फार प्रेमळ. पण कंद मागितला की प्रत्येक घरात उकडून आणून देतात! मीठ-मिरचीबरोबर! दोन्ही वेळा आम्ही पोट भरून आणि पिशव्या रिकाम्या घेऊन परत आलो.”

इथेच मी हसले. मोठ्याने हसले.

त्यांनी विचारलं, का हसलात? आणि मी सांगितलं. वर्गात उत्तर द्यावं तसं, मुद्देसूद, चांगल्या इंग्रजीत. आमच्यात दाराशी आलेला पाहुणा कंद मागतो म्हणजे त्याला भूक लागलेली असते, तेव्हा त्याला कणगी, म्हणजे आमच्या परसातला रोजचा कंद, उकडून द्यायची. बी हवं असेल त्याची रीत वेगळी. सूप घेऊन यायचं, ओसरीवर न बसता अंगणात उभं राहायचं आणि म्हणायचं, “बियाला आलोय.” ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, सूप दिसलं पाहिजे. एवढं झालं की त्या घराला नाही म्हणता येत नाही. भांडण असलं तरी द्यायचं, थोडं असलं तरी द्यायचं, आणि त्यातलं चांगलं निवडून द्यायचं. कशाला हवं, कुठे लावणार, हे विचारायचं नाही. घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. त्याने ते लावायचं आणि पुढे त्याच्या दारात जो सूप घेऊन येईल त्याला द्यायचं. आणि देणाऱ्याचं स्वतःचं बी कधी डुकरांनी खाल्लं, कुजलं, तर तो सरळ नेणाऱ्याच्या अंगणात येऊन उभा राहतो. त्याचा मान पहिला. अशा रीतीने एका घरात संपलेलं बी दुसऱ्या घरात सापडतं, आणि आजवर तसंच चालत आलंय.

बाजूचा एक जण हे लिहून घेत होता. घराचा आगळ आतून कसा निघतो ते मी सांगत होते आणि समोरचा टिपून घेत होता, आणि मला वाटत होतं की किती छान बोलतेय मी! आठवड्यात पत्र आलं. बाबांनी ते कुंभारवाड्याच्या दुकानात तीन वेळा वाचून दाखवलं, दोनदा मराठीत आणि एकदा कानडीत.

उन्हाळ्यात कामाला लागले. कंद काढून झालेले असतात आणि बियाचे कंद राखेत घालून मिरगाची वाट बघत ठेवलेले असतात, तो हा काळ. कंपनीने जीप दिली होती, नंबर छापलेल्या पिशव्या दिल्या होत्या. पिशव्या मी जीपमध्येच ठेवायचे. खाली उतरताना हातात आईचं सूप घ्यायचे आणि अंगणात जाऊन उभी राहायचे. एकाही घराने मला परत पाठवलं नाही. उलट बायका कौतुकाने बघायच्या. शिकूनसवरून पोरगी कंद लावतेय म्हणायच्या. मी त्यांना काहीच सांगायचे नाही. सांगण्याची गरजच नव्हती, कारण विचारायचं नाही ही रीत. आमची एकेक चांगली रीत मला तेव्हा फार सोयीची पडली.

शेवटी आत्तीकडे गेले. आत्ती म्हणजे बाबांची थोरली बहीण. दोन डोंगर पलीकडे एकटी राहते. तिच्या वाडीतली बाकीची घरं एकेक करून रामनगरच्या बाजूला उठून गेली, आता तिघी-चौघी म्हाताऱ्याच उरल्यात. तिच्याकडे तांबड्या गराची कणगी आहे. बाहेरून इतर कणग्यांसारखीच दिसते, पण कापली की आत बीटासारखी. पूर्वी ती घरोघर होती. जाणारे गेले तेव्हा कंद कोण नेणार? मग ती आत्तीच्याच परसात राहिली. कंपनीच्या यादीत या तांबडीसमोर साहेबांनी तांबड्या पेनाने खूण केली होती.

जीप नाल्यापर्यंत जाते, पुढे चालत. आत्ती अंगण सारवत होती.

“कोण गं? आमची शिकलेली व्हय?”

“व्हय आत्ती. बियाला आलोय.”

ती उठली, हात धुतले आणि आत गेली. राखेतून कंद काढताना तिचा खोकल्याचा आवाज येत होता. बाहेर आली आणि माझ्या सुपात एकेक ठेवत म्हणाली, “तांबडीचं यंदा एवढंच हाय. निम्मं तुला, निम्मं मला. उंदरापासनं जप गं बाय.”

मोठे कंद तिने मला दिले होते. बारके स्वतःला ठेवले होते. मी ते बघितलं, आणि तरी सूप उचलून वाटेला लागले.

रात्रीपुरती पिशवी घरी होती. आईने पिशवीचं तोंड उघडून बघितलं आणि एकदम उजळली. “अगो, तांबडी! लगीन व्हायच्या आधी खाल्ल्याली. ह्यातली अर्धी आपल्या परसात लावूया की.”

“कंपनीचं हाय ते, आई. नोंद झालीया.”

“सूप माझं हाय. उद्या मागायला माझ्या दारात येतील.”

“एक कंद कमी झाला तर माझी नोकरी जाईल,” मी म्हटलं. आईने पिशवी बांधली. ती माझ्याशी वाद घालत नाही, मी शिकलेली ना! त्या दिवशी घातला असता तर फार बरं झालं असतं.

परीक्षा झाली, पाऊस सरला. भात कापणीला आलेलं असताना कंपनीचा निरोप आला, कायम करतोय. पण त्याआधी एक लहानसं काम होतं. कंद दिलेल्या प्रत्येक घराची एका कागदावर सही किंवा अंगठा हवा होता. सगळ्यांत आधी आत्तीचा, कारण तांबडीवर त्यांचा फार जीव. फोटो काढायला साहेब स्वतः येणार होते. कागद इंग्रजीत होता. आदल्या दिवशी बसमध्ये तो वाचला आणि एका कलमाशी थांबले. सहावं कलम असं होतं की हा वाण कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय आपण इतर कोणत्याही व्यक्तीस किंवा संस्थेस देणार नाही.

आत्तीच्या ओसरीवर तिच्या शेजारणीही येऊन बसल्या होत्या. साहेबांनी नाल्यापासून चालल्यामुळे आलेला घाम पुसला, घराचं कौतुक केलं आणि माझ्याकडे वळून कानडीत हळूच म्हणाले, “सगळं वाचत बसू नका. आभाराचा कागद आहे, एवढंच सांगा.”

हे फार शिकलेले लोक एक गोष्ट नेहमी विसरतात. इथली म्हातारीसुद्धा जितकी मराठी बोलते तितकीच कानडी बोलते. आत्तीने मान वर केली.

“आभार? बियाचं आभार कोण मानतंय?” ती मला म्हणाली. “काय हाय गं त्यात? वाच बघू.”

मी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक कलम, आमच्या बोलीत. साहेब मधे दोनदा खाकरले. सहाव्या कलमाला आल्यावर एका शेजारणीने हात वर करून मला थांबवलं.

“म्हंजे उद्या मी सूप घिऊन हिच्या अंगणात आलो, तर हिनं काय म्हणायचं?”

“न्हाई म्हणायचं.”

मग आत्तीने कागद माझ्या हातातून घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि माझ्या मांडीवर परत ठेवला. “तसं म्हणाय येत न्हाई मला,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पोहता येत नाही, सायकल येत नाही, तसं ते येत नाही. मग ती उठून आत गेली आणि थोड्या वेळाने साहेबांपुढे ताटली ठेवली. उकडलेली कणगी, मीठ, मिरची. नाल्यावरून चालत आलेला माणूस, भुकेला असणारच. साहेबांनी खाल्ली. तिसऱ्यांदा.

नाल्याकडे उतरताना मात्र त्यांचा बोलघेवडेपणा गेला. “तुम्ही आमच्याकडून पगार घेता, त्यांच्याकडून नाही. जगात एवढं भावनिक होऊन चालत नाही. तुमच्या समाजातल्या किती मुलींना अशी संधी मिळते?” मी म्हटलं, संधी तुम्हाला मिळाली, माझ्यामुळे. माझ्याशिवाय तुम्ही अजून मिरची चावत बसला असता. आणखीही बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण बोलल्याचा मला अजिबात पस्तावा नाही. गळ्यातलं ओळखपत्र काढून जीपच्या बॉनेटवर ठेवलं आणि चालत घरी आले. वाटभर मी स्वतःवर खूश होते, तेही कबूल करते. मोठी तत्त्वाची म्हणून.

बाबांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी सगळं एकदम बाहेर काढलं. “तत्त्वं शिजवून खा आता! सही न्हाई दिली तर न्हाई दिली, तू कशाला सोडलंस? दुसरा कोण तरी जाऊन आणील की सही!” मीही ओरडले. आई भात कापायला निघून गेली. बाबांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. माझ्या फीसाठी त्यांनी किती हंगाम रानखात्याच्या कामावर काढले ते मी बघितलंय. पण त्यांचं बरोबर होतं असंही मी म्हणणार नाही.

दोन दिवसांनी डोकं थोडं ठिकाणावर आलं, आणि मग लक्षात आलं की कंद तर तिकडेच आहेत. सही नाही, म्हणजे त्यांचा हक्क नाही, म्हणजे परत मागता येतील. मी फोन केला. एका बाईने अतिशय गोड आवाजात सांगितलं की सह्या नसल्या तरी काही अडत नाही. नेमणुकीच्या वेळी मी जो करार केला होता त्यात लिहिलंय की नोकरीच्या काळात मी गोळा केलेलं सगळं साहित्य कंपनीचं. कागदोपत्री तांबडी कणगी आत्तीने दिलेलीच नव्हती. ती मी दिली होती. तिथे माझं नाव होतं आणि खाली माझी सही. आत्तीचा कागद मी दोनदा वाचला, शब्द न् शब्द समजावून सांगितला. माझा स्वतःचा कागद मी नेमणुकीच्या आनंदात न वाचताच सही करून दिला होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवायला होती. मला तेव्हा वाक्य सुचलं नव्हतं.

“एखादा कंद तरी?” मी विचारलं. बाई म्हणाल्या, “अर्ज करा.” म्हणून केला. नोकरीसाठी इतके अर्ज केले होते, त्यांत आणखी एक. अर्जदाराचं नाव, शिक्षण, हवं असलेलं साहित्य, प्रयोजन. प्रयोजन या रकान्यासमोर मी बराच वेळ बसले. आमच्यात ते विचारत नाहीत. शेवटी लिहिलं, लावण्यासाठी. स्मरणपत्रं पाठवली. एकदा स्वतः जाऊन आले, फाटकावरच्या माणसाने भेटीची वेळ घेतलीय का विचारलं. अजून उत्तर नाही. दुसऱ्या नोकऱ्यांच्या मुलाखतींना जाते तेव्हा आधीची का सोडली म्हणून विचारतात. मी खरं सांगते आणि ते माना डोलावतात, आणि मग फोन येत नाही. नुकतंच जोयड्याच्या एका शाळेत तात्पुरतं शिकवायला लागलेय.

गेल्या उन्हाळ्यात, मिरगाला आठेक दिवस असतील, मी परसात लाकडं रचत होते. कुत्रं भुंकलं म्हणून पुढे आले, तर अंगणात आत्ती. दोन डोंगर चालून आली होती. पायांना धूळ, कपाळावर घाम, हातात तिचं सूप. मी ओसरीवर पोतं अंथरायला धावले, तर ती बसेना.

“बियाला आलोय,” ती म्हणाली. “साळिंदरानं समदं उकरलं बघ. एक ठेवलं न्हाई. म्हटलं, त्या कागदाला अंगठा दिला न्हाई, म्हंजे बी तुझ्याकडंच हाय, मग काय काळजी!”

आई दारात येऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या जागी मी असते तर मी बघितलं असतं. मला वाटलं, काहीतरी सांगावं. कुजलं म्हणावं. डुकरांनी खाल्लं म्हणावं, ते तिला समजलं असतं, त्यात लाज नाही. पण तिने माझ्यासाठी मोठे कंद निवडले होते. मी खरं ते सांगितलं.

“न्हाई, आत्ती. माझ्याकडं न्हाई.”

ती तशीच उभी राहिली. तिला ऐकू कमी येतं असं नाही. दोन्ही हातांत सूप पुढे धरलेलं, आणि ते खाली घ्यायचं तिच्या लक्षातच येत नव्हतं. मग मी सगळं सांगितलं, कंपनी, पिशव्या, माझी सही. तिने शांतपणे ऐकलं आणि शेवटी तिच्या चेहऱ्यावर चक्क हायसं वाटल्याचं दिसलं.

“असं व्हय. तू फुडं दिलंस म्हण की,” ती म्हणाली. “मग त्याचं दार दाव मला. जातो त्याच्याकडं. बियाला कोण न्हाई म्हणतंय गं?”

तिच्या सगळ्या जन्मात तसं म्हणणारी पहिली मी होते, आणि तिला ते अजून कळलं नव्हतं.